रानातला कॅमेरा आणि त्याचे सेल

पाऊस ओसरला, की गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीतले बागायतदार कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधायला घेतात. सुपारीची रोपं रात्री कोण तुडवून गेलं, बांधावरचे खूर गव्याचे की रानडुकराचे, हे त्यातून कळतं. कॅमेरा बांधायची वेळ आली, की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो: सेल कुठले घालायचे? दुकानदार हातात मिळतील ते देतो. खोक्यातल्या माहितीपत्रकात लिथियम घाला म्हणून सांगितलेलं असतं. हा सल्ला कुठून आला हे समजून घेतलं, तर पैसे आणि फोटो दोन्ही वाचतात.

असा कॅमेरा मुळात शिकाऱ्यांच्या जगातला. अमेरिकेत जॉर्ज शायरस या शिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदूक बाजूला ठेवून हरणांचे रात्रीचे फोटो काढायला सुरुवात केली. वाटेवर दोरी ताणायची. जनावराचा पाय लागला, की मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडायचा आणि त्या उजेडात फोटो निघायचा. जुलै १९०६ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये त्याचे ७४ फोटो छापून आले. आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन याने १९२० च्या दशकात उत्तरेकडच्या जंगलांत तारेच्या सापळ्याने वाघाचे फोटो मिळवले. पण भुकटी एकदा जळली, की त्या रात्रीचं काम संपलं. दुसऱ्या फोटोसाठी माणसाने परत तिथे जायचं.

पुढची सगळी धडपड माणसाची ती फेरी वाचवण्यासाठी झाली, आणि ती फेरी वाचवतो तो सेल.

सेल त्याआधीपासून होताच. लक्लांशे या फ्रेंच इंजिनिअरने १८६६ मध्ये जस्त-कार्बनचा ओला सेल बनवला आणि १८८० च्या दशकात त्याचं कोरडं रूप आलं. टॉर्चमधून आणि ट्रान्झिस्टरमधून घरोघरी पोहोचला तो हाच. गावात टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि आत घालतात तो सेल, त्यामुळे "बॅटरीचे सेल" म्हटलं की आजही दुकानदार हाच पुढे करतो. याचं जस्ताचं कवच म्हणजेच त्याचा एक ध्रुव. वीज देता देता कवच झिजतं आणि शेवटी पाझरतं. अल्कलाइन सेल १९५० च्या दशकाअखेरीस आला. त्याच आकारात त्याने कितीतरी जास्त वीज दिली.

१९९० च्या दशकात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकात, नागरहोळेच्या जंगलात, कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखले आणि त्यावरून वाघांची संख्या काढण्याची रीत रुजवली. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लागतात, म्हणजे सेलही दुप्पट. तेव्हा फिल्म असायची, ३६ फोटोंची. सेल संपण्याआधी बहुधा फिल्मच संपायची, त्यामुळे सेलचा विचार कुणी फारसा करत नसे.

डिजिटल कॅमेरे आल्यावर हे गणित उलटलं. कार्डावर हजारो फोटो मावू लागले आणि आधी संपायची पाळी सेलवर आली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांमुळे या कॅमेऱ्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आणि किमती उतरल्या. तिथला शिकारीचा हंगाम शरद-हिवाळ्यातला. गोठवणाऱ्या थंडीत अल्कलाइन सेल मान टाकतो. लिथियमचा एकदा वापरायचा दीड व्होल्टचा सेल मात्र शून्याखाली ४० अंशांपर्यंत चालतो. खोक्यातला सल्ला तिथून आलेला आहे. गोव्यात पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच जातो. आपला शत्रू ओल आहे: वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सत्तरीत त्याहूनही जास्त. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे आणि अभयारण्यात परवानगीशिवाय कॅमेराही लावता येत नाही. म्हणजे वस्तू शिकाऱ्यांच्या बाजारातली, आपलं काम मात्र पाहण्याचं आणि राखणीचं.

गोव्यात हे काम किती मोलाचं आहे ते पट्टेरी वाघाने दाखवलं. वाघ इथे राहतो की शेजारच्या राज्यांतून येऊन जातो, हा वाद बरीच वर्षं चालला. सत्तरीतल्या म्हादई अभयारण्यातल्या कॅमेऱ्यांनी त्यात डोळ्यांना दिसणारा पुरावा आणला. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावली परिसरात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. अशा विषयात आठवडाभर बंद पडलेला कॅमेरा म्हणजे पुराव्यातलं भोक.

आता सेलकडे. कॅमेरा नुसता वाट पाहत असतो तेव्हा एका मिलिॲम्पिअरच्या काही अंशांवर भागवतो. रात्री गवा समोर आला, की डझनभर किंवा जास्त इन्फ्रारेड दिवे एकदम पेटतात आणि क्षणभर एक ॲम्पिअरच्या घरात वीज ओढली जाते. अर्धा संपलेला अल्कलाइन सेल हा झटका सोसत नाही, व्होल्टेज घसरतं. माझ्या कॅमेऱ्यात एकदा नेमकं हेच झालं. दिवसाच्या फोटोंत खेती (माकडं) आणि शेकरू लख्ख, रात्रीचा प्रत्येक फोटो काळा. मी कॅमेराच बिघडला असं धरून चाललो होतो. नवे सेल घातले आणि त्याच रात्री साळिंदर काटा न् काटा दिसलं.

दुसऱ्या वर्षी मृगात ठेवलेला कॅमेरा थेट चतुर्थीला उघडला. आठांपैकी दोन सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरी पूड जमली होती. जुने आणि नवे सेल मी एकत्र घातले होते. तसं केलं, की अशक्त सेल उलटा भरला जातो आणि फुटतो. ती पूड अल्कधर्मी. स्वयंपाकघरातल्या माडाच्या विनेगारात कापसाची काडी बुडवून पुसली तेव्हा फसफसून निघाली. मग पाण्याचा हलका हात, आणि दोन दिवस चुलीजवळ वाळवणं.

चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १९८९ च्या सुमारास बाजारात आले. सुरुवातीचे सेल पडून पडूनच रिकामे व्हायचे, म्हणून रानात निरुपयोगी होते. २००५ मध्ये सान्यो या जपानी कंपनीने वर्षभर ठेवूनही ८५ टक्के चार्ज राखणारे सेल आणले आणि चित्र पालटलं. हे १.२ व्होल्टचे, आठ मिळून ९.६ होतात, १२ नाही. त्यामुळे काही कॅमेरे पहिल्या दिवसापासून सेल अर्धा दाखवतात. त्याला घाबरू नये, व्होल्टेज बराच काळ तिथेच टिकतं. कुळागरात दर महिन्याला जाणाऱ्याने हेच घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. जिथे चार महिने पाय ठेवता येणार नाही तिथेच लिथियमचा खर्च शोभतो, कारण तो टिकतो आणि सहसा पाझरत नाही.

सौर पॅनेल ऐकायला छान वाटतं, पण माड-पोफळींच्या सावलीत आणि आषाढातल्या आभाळाखाली त्याला ऊन मिळतच नाही. उघड्या मेरेवर (बांधावर) लावलं तर उपयोग होतो. फोटो मोबाइलवर पाठवणारा कॅमेरा अशक्त नेटवर्कशी झगडत सेल भराभर खातो.

उरतो रिकाम्या सेलांचा प्रश्न. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. एका जागी दोन कॅमेरे आणि एका कॅमेऱ्यात आठ सेल धरले, तर एका भरणीलाच चार लाखांवर सेल होतात. २००१ चे नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांना लागू होते. २०२२ च्या नव्या नियमांनी हे छोटे सेलही कक्षेत घेतले. आमच्या वाड्यावर आम्ही सध्या ते एका जुन्या बरणीत साठवतो, झाकण घट्ट लावून आणि प्रत्येक सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी मारून.