जमैकाच्या डोंगरातली गावं

जमैका म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो किनारा. मॉन्टेगो बे, नेग्रिल, ओचो रिओस. आता मात्र डोंगरातल्या गावांत पाहुण्यांना नेणाऱ्या सहलीही निघतात. तिथे जाणाऱ्याने आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ही गावं आडबाजूला पडून राहिलेली नाहीत, माणसांनी ती मुद्दाम ऊसमळ्यांपासून दूर वसवली आहेत.

१६५५ मध्ये इंग्रजांनी हे बेट स्पॅनिशांकडून जिंकून घेतलं. त्या धामधुमीत स्पॅनिशांचे बरेच गुलाम डोंगरात निसटले आणि पुढे इंग्रजांच्या ऊसमळ्यांवरून पळालेले त्यांना येऊन मिळत गेले. हेच मरून लोक. पश्चिमेचा कॉकपिट कंट्री हा चुनखडीच्या टेकड्यांचा आणि खोल खळग्यांचा मुलूख. त्यात घुसलेल्या फौजेला वाट सापडत नसे, आणि मरून मात्र गाईच्या शिंगाचा ‘अबेंग’ फुंकून टेकडीपलीकडे निरोप देत. अखेर १७३९ मध्ये इंग्रजांनी कुजो या म्होरक्याशी तह केला, १,५०० एकर जमीन आणि स्वातंत्र्य मान्य केलं. त्याच तहात नवे पळपुटे गुलाम परत करण्याची अटही होती. ती मरूनांनी पाळलीही. गौरवाच्या कथेबरोबर हेही पाहुण्यांना सांगितलं गेलंच पाहिजे.

१७९५-९६ च्या दुसऱ्या लढाईनंतर कुजोच्या मूळ गावातल्या लोकांना इंग्रजांनी थेट कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला पाठवून दिलं. पश्चिमेत मरूनांचं गाव उरलं ते अकाम्पाँग. दर ६ जानेवारीला तिथे अबेंग वाजतो, मीठमसाला न लावता डुकराचं मांस शिजवलं जातं आणि ‘किंडा’ नावाच्या आंब्याच्या झाडाखाली सारे जमतात. किंडा म्हणजे ‘आपण एकच कुटुंब’.

बहुतेक गावांचं मूळ मात्र वेगळं आहे. मळेवाले गुलामांना पोटापुरतं धान्य देण्याऐवजी उसाला निरुपयोगी असलेली डोंगरउताराची जमीन कसायला देत. तिथे सुरण-कंद, केळी पिकत आणि उरलेला माल रविवारच्या बाजारात विकला जाई. म्हणजे स्वातंत्र्य मिळायच्या आधीच हे लोक शेतकरी आणि व्यापारी झाले होते. १ ऑगस्ट १८३८ ला ते पूर्ण मुक्त झाले, तसं मळेवाल्यांनी झोपड्यांचं भाडं वाढवून त्यांना पुन्हा कामाला जुंपायचा प्रयत्न केला. त्यावर उपाय म्हणून बाप्टिस्ट मिशनरी जमीन घेऊन तिचे लहान तुकडे मुक्त कुटुंबांना विकू लागले. त्यांच्यापैकी जेम्स फिलिपो यांनी मुक्तीच्या आधीच, १८३५ मध्ये, स्लायगोव्हिल इथे घेतलेल्या जमिनीतून असं पहिलं गाव उभं राहिलं. आजही अनेक घरांची जमीन वाटणी न करता साऱ्या वारसांची सामाईक राहते, आणि वाडवडिलांची थडगी अंगणातच असतात. आपल्या कोकणातल्या माणसाला हे फारसं समजावून सांगायला नको.

पर्यटन आलं तेही या शेतकऱ्यांच्याच केळ्यांमागून. १८७० मध्ये लॉरेन्झो बेकर या अमेरिकन कप्तानाने जमैकातून केळी नेली आणि फळांचा व्यापार फोफावला. केळी नेणाऱ्या जहाजांतूनच थंडीला कंटाळलेले अमेरिकन प्रवासी पोर्ट अँटोनियोला येऊ लागले. पुढे मोठी हॉटेलं किनाऱ्यावर उभी राहिली, पाहुणा तिथेच खाऊन-पिऊन परत जाऊ लागला आणि डोंगराच्या वाट्याला फारसं काही आलं नाही.

पूर्वेकडच्या ब्ल्यू माउंटन्समध्ये मरूनांची म्होरकी नॅनी इंग्रजांशी लढली. तिचं चित्र आज जमैकाच्या ५०० डॉलरच्या नोटेवर आहे. तिच्या वारसांच्या मूर टाउनची परंपरा २००३ मध्ये युनेस्कोने गौरवली, आणि ते डोंगर २०१५ मध्ये जागतिक वारसा ठरले. ज्या पायवाटांवर इंग्रज शिपाई चुकत, त्यावरून आता गावातलीच माणसं पाहुण्यांना घेऊन जातात.