बोर्ड बदलला आणि टॅली चालेना? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, बदलून कॉम्प्युटर घरी गेला की काही ग्राहकांचा फोन येतो: "मशीन चालू आहे, पण टॅली चालत नाही." कुणाचं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, कुणाचं डीटीपीचं, म्हणजे छपाईचा मजकूर जुळवायचं सॉफ्टवेअर, तर कुणाला विंडोजच नवी की मागतं. अशा वेळी शेजारचा कुणीतरी सांगतो, "फॉरमॅट मारून टाक." आमची कळकळीची विनंती आहे की तेवढं करू नका. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं आणि डेटाही जागेवर असतो. फॉरमॅट मारल्यावर मात्र जे जागेवर होतं तेही जातं.

होतं ते असं. सॉफ्टवेअरचा परवाना तुमच्या नावावर असला तरी तो एका ठरावीक मशीनवरच चालतो. मशीन ओळखण्यासाठी सॉफ्टवेअर बोर्ड, हार्डडिस्क, नेटवर्क कार्ड यांचे क्रमांक वाचून एक खूण तयार करतं. त्यात बोर्डाचं वजन सगळ्यात जास्त असतं. रॅम वाढवली, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलला, नवा मॉनिटर लावला तर परवान्याला सहसा धक्का लागत नाही. बोर्ड किंवा डिस्क बदलली की खूण जुळत नाही. घर बदलताना गॅसचं कनेक्शन जुन्या एजन्सीकडे जमा करून नव्या ठिकाणी घ्यावं लागतं, तसंच हे आहे. सोपी वेळ एकच: जुनं मशीन चालू असेपर्यंतची.

टॅली

टॅलीला लायसन्स सापडलं नाही की ते एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं. वरवर सगळं नेहमीसारखं दिसतं. १४ तारखेचं बिल टाकायला गेलं की ते तारीख घेत नाही, कारण या मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना नोंद करता येते. काही जण "आता १ तारखेला टाकून ठेवू, नंतर दुरुस्त करू" म्हणून बिलं चढवत राहतात. असं कृपया करू नका. बिल क्रमांकांचा क्रम आणि तारखा यांचा मेळ बसत नाही, आणि जीएसटी रिटर्न भरताना हा गुंता सोडवायला एक दिवस पुरत नाही. लायसन्स चालू होईपर्यंत बिलं वहीत लिहून ठेवा.

मशीन दुरुस्तीला देण्याआधी, ते चालू असेल तर, टॅलीच्या हेल्पमधल्या लायसन्सच्या पर्यायात जाऊन लायसन्स सरेंडर करा. नेट चालू असावं लागतं. मग नव्या बोर्डावर तेच लायसन्स पुन्हा ॲक्टिव्हेट होतं. मशीन अचानक बंद पडलं आणि सरेंडर करायला वेळच मिळाला नाही, तरीही मार्ग आहे: ९ अंकी सिरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल हाती असला की लायसन्स परत मिळवता येतं.

अडतं ते त्या ईमेलपाशी. अनलॉक की त्याच ईमेलवर येते आणि तो ईमेल पुष्कळदा आधीच्या अकाउंटंटचा निघतो, किंवा ज्याने टॅली बसवून दिलं त्याचा. अकाउंटंट नोकरी सोडून गेलेला, फोन उचलत नाही, आणि इकडे मालकाला स्वतःच्याच पैशाने घेतलेलं सॉफ्टवेअर उघडता येत नाही. आजच टॅली उघडून बघा, लायसन्सवर कुणाचा ईमेल आहे. तो तुमचा नसेल तर मशीन चांगलं चालू असतानाच बदलून घ्या.

एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवल्यानंतर कंपन्यांची यादी रिकामी दिसली तर ती वेगळी गोष्ट. जुनी डिस्क डी ड्राइव्ह होती, आता ती ई झाली, एवढंच. टॅली अजूनही डी मध्ये शोधतंय. डेटाचा मार्ग बदलून द्या किंवा ड्राइव्हचं अक्षर पूर्ववत करा. रिकामी यादी बघून घाईने नवी कंपनी तयार करू नका.

विंडोज

कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी पुसट अक्षरं आली म्हणून काम थांबत नाही. फायली उघडतात, नेट चालतं, वॉलपेपर वगैरे मात्र बदलता येत नाही. तेव्हा घाबरून मोबाइलवर दोन-तीनशे रुपयांची की विकत घेऊ नका. अशा किया बऱ्याचदा मोठ्या कंपन्यांच्या घाऊक परवान्यातून फुटलेल्या असतात आणि काही महिन्यांनी बंद पडतात. आम्ही अशा किया मशीनमध्ये घालून देत नाही.

विंडोज वेगळं विकत घेतलेलं असेल आणि बोर्ड बदलण्याआधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं असेल, तर त्याच खात्याने लॉगिन करून सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनखालच्या ट्रबलशूटमध्ये जा. 'अलीकडे हार्डवेअर बदललं' अशा अर्थाची ओळ निवडली की बहुतेक वेळा काम होतं. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज मात्र त्याच्या मूळ बोर्डाशी बांधलेलं असतं. म्हणून लॅपटॉप वॉरंटीत असेल तर बोर्ड आमच्याकडे न बदलता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या. आमचं काम गेलं तरी चालेल, तुमचं लायसन्स राहतं.

लॉगिनचा पिन नव्या बोर्डावर चालत नाही, कारण तो बोर्डावरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएम या सुरक्षा भागात बांधलेला असतो. अशा वेळी खात्याचा मूळ पासवर्ड लागतो. वर्षानुवर्षं पिननेच उघडणाऱ्यांना तो आठवत नाही, म्हणून मशीन आणताना पासवर्ड एकदा टाकून बघा.

इथेच एक गोष्ट आहे जिच्यापुढे आम्हीही हतबल आहोत. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली असेल तर, डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बोर्ड बदलला, कधी कधी नुसतं बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, तरी निळा पडदा येतो आणि बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. दुसऱ्या कुणाच्याही मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती वाचता येते. की मिळालीच नाही तर आतले फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट कुणीही काढू शकत नाही. पैसे घेऊन "काढून देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असं शोधा, चालू दिसलं तर की आजच कागदावर उतरवा आणि तो कागद मशीनपासून लांब ठेवा.

डीटीपीवाल्यांसाठी

श्रीलिपीसारख्या देवनागरी सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या हार्डवेअर लॉकवर चालतात. आपण त्याला डोंगल म्हणतो. कॅबिनेटच्या मागे, धुळीत, अंगठ्याएवढा तुकडा लावलेला असतो. कॅबिनेट जुनं झालं म्हणून भंगारवाल्याला दिलं आणि तो तुकडाही त्याच्याबरोबर गेला, असं होतं. लग्नसराईत पत्रिकांची कामं तोंडावर असताना मग धावपळ सुरू होते. कॅबिनेट बाहेर काढण्याआधी मागून हात फिरवा आणि लावलेली प्रत्येक वस्तू काढून डबीत ठेवा.

जुनी लॉक प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टात बसतात आणि नव्या बोर्डांवर ते पोर्ट बहुतेक नसतंच. बाजारात मिळणारी यूएसबीवरून प्रिंटर जोडायची केबल छपाईपुरती असते, तिच्यावर लॉक सहसा ओळखलं जात नाही. बोर्डात वेगळं पॅरलल कार्ड बसवून काही लॉक चालतात, काही नाही. म्हणून नवा बोर्ड घेण्याआधी लॉक दाखवायला आणा. यूएसबी लॉक असेल तर विंडोजशी जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, टाकावा लागतो.

जुन्या फायली उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसला तर फाइल खराब झालेली नाही, त्या फाइलचा फॉन्ट नव्या मशीनवर नाही. जुन्या डिस्कवरून फॉन्ट आणले की मजकूर जसाच्या तसा दिसतो. 'सेव्ह' मात्र तोवर करू नका.

डिजिटल सही आणि चुकलेली तारीख

जीएसटी किंवा टेंडरसाठीची डिजिटल सही त्या यूएसबी टोकनमध्येच असते, कॉम्प्युटरमध्ये नाही. बोर्ड बदलला म्हणून नवी सही काढायचा खर्च करायची गरज नाही. टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलला लागणारं सही करायचं छोटं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं की झालं. चालत नाही म्हणून वेगवेगळे पिन टाकून बघू नका, काही चुकांनंतर टोकन लॉक होतं आणि मग खरोखरच नवी सही काढायची वेळ येऊ शकते.

सगळं बरोबर असून बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते, सही 'अवैध' दाखवते? आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. बोर्डावरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल कमजोर असेल तर मशीनची तारीख काही वर्षं मागे जाते आणि प्रमाणपत्रं नाकारली जातात. तारीख दुरुस्त करा, सेल बदलून घ्या. किरकोळ खर्चाचं काम आहे.

नवी रॅम टाकल्यापासून प्रोग्रॅम मधेच बंद पडत असतील तर तो परवान्याचा प्रश्न नाही. नवी पट्टी काढून एक दिवस वापरून बघा. त्रास थांबला तर पट्टी आमच्याकडे आणा, आम्ही तपासून बदलून देऊ.

काढलेला जुना बोर्ड आणि जुनी डिस्क आम्ही पिशवीत घालून परत देतो. सगळी सॉफ्टवेअर चालू होऊन एखादा महिना सुरळीत जाईपर्यंत ती पिशवी भंगारात टाकू नका.