गावठी बियाणं जपताय? मग प्लांट जीनोम सेव्हियर पुरस्काराचा अर्ज भरा (कोकणवाल्यांसाठी सगळी माहिती)

आपल्याकडे मुणगा, पटणी, वालय, बेळा, नाहीतर पेण-अलिबागच्या खारेपाटातला राता, असलं जुनं भात अजून पेरणारी माणसं आहेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की असं बियाणं जपल्याबद्दल केंद्र सरकारच्या राष्ट्रीय जनुक निधीतून रोख पैसे मिळतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी हा पैसा कशासाठी देतात ते बघू, कारण ते समजलं की अर्जात काय लिहायचं ते आपोआप कळतं. भातावर करपा, कडा करपा असे रोग येतात, त्यांना दाद न देणारी नवीन जात काढायची तर रोग सहन करणारं जनुक कुठून तरी आणावं लागतं आणि ते बहुतेक वेळा जुन्या गावठी वाणात नाहीतर जंगली भातात सापडतं. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा महसुरी या भाताच्या जातीत कडा करप्याला रोखणारी तीन जनुकं घालून 2008 साली सुधारित जात दिली, त्यातलं एक्सए 21 हे जनुक मूळचं आफ्रिकेतल्या जंगली भातातलं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ग्रासी स्टंट नावाच्या व्हायरससाठी सहा हजारांहून जास्त नमुने तपासले तेव्हा कामाचं निघालं ते उत्तर प्रदेशातलं एक जंगली भात. आणि आपल्या घरचं उदाहरण म्हणजे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल 1 ही जात, तिचा एक पालक आयआर 8 ही जात आणि दुसरा आपला गावठी भुरा राता. तिथे प्रश्न रोगाचा नव्हता, खाऱ्या पाण्याचा होता, पण गोष्ट तीच. भाताचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकांचा नकाशा, 2005 मध्ये वाचून झाला, आता लॅबमध्ये जनुक शोधणं पूर्वीपेक्षा खूप सोपं झालंय, पण ते वाण कुणीतरी शेतात जिवंत ठेवलेलं असेल तरच ना. ज्यांनी ठेवलं त्यांना त्याचा वाटा मिळालाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 खाली येतं, त्याचं प्राधिकरण दिल्लीत आहे आणि पुण्यात शाखा आहे. पुरस्कार तीन प्रकारचे. गावाने, आदिवासी पाड्याने किंवा गटाने मिळून जपलं असेल तर सामूहिक पुरस्कार 10 लाख रुपये, वर्षाला जास्तीत जास्त पाच. एकट्या शेतकऱ्यासाठी दीड लाखाचा पुरस्कार, दहापर्यंत, आणि एक लाखाचा सन्मान, वीसपर्यंत. हे देशभरातले आकडे आहेत, म्हणजे स्पर्धा आहे, ही सबसिडी नाही की फॉर्म भरला आणि खात्यात पैसे आले. पण प्राधिकरणाने देशातले जे 22 कृषी जैवविविधता संपन्न प्रदेश ठरवलेत त्यात कोकण आहे, त्यामुळे सामूहिक अर्जात आपला भाग त्यात येतो हे स्पष्ट लिहा.

पात्रता सोप्या भाषेत सांगायची तर वाण स्थानिक, परंपरेने चालत आलेलं किंवा पिकाचं जंगली भावंड असायला हवं, आणि तुम्ही ते नुसतं पेरलेलं नाही तर निवड करून, चांगल्या लोंब्या वेगळ्या काढून टिकवलेलं असायला हवं. दुकानातून आणलेलं हायब्रीड किंवा विद्यापीठाची रिलीज झालेली जात चालणार नाही. फक्त भातच पाहिजे असंही नाही, वरकस जमिनीतली नाचणी, वरी, कुळीथ, परसातले वेल, रायवळ आंबा, फणस, कोकम हे सगळं येतं. कायद्याच्या कलम 39 मध्ये एक अट मात्र आहे, की जपलेलं बियाणं नोंदणी होऊ शकेल अशा जातीसाठी जनुकांचा स्रोत म्हणून वापरलं गेलेलं असावं. इथेच पुष्कळ चांगले अर्ज कच्चे राहतात, कारण बियाणं घरच्या कणगीतून बाहेरच गेलेलं नसतं, मग ते कुणी वापरणार कसं?

म्हणून अर्जाच्या आधी बियाण्याचा नमुना जवळच्या केंद्रात द्या. सिंधुदुर्गात किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्र, रत्नागिरीत लांजा किंवा शिरगावचं संशोधन केंद्र, रायगडात रोहा आणि कर्जत, पालघरला कोसबाड, नाहीतर सरळ दापोली विद्यापीठ. देताना पोच घ्या, त्यावर वाणाचं स्थानिक नाव, तुमचं नाव, गाव, तारीख, किती बियाणं दिलं ते लिहून सही-शिक्का घ्या. पुढे जनुक बँकेत, म्हणजे बियाण्यांचे नमुने जपून ठेवतात तिथे, नंबर पडला तर तोही मागून ठेवा. हा एक कागद बाकी दहा कागदांपेक्षा जास्त कामाचा आहे.

काही जण म्हणतात बियाणं दिलं की कुणीतरी कंपनी ते आपल्या नावावर करेल. भीती खोटी नाही, पण त्यावर उपाय त्याच कायद्यात आहे. तुमचं वाण शेतकरी वाण म्हणून आधी नोंदवून घ्या, कलम 44 मुळे शेतकऱ्याला, गटाला किंवा गावाला एक रुपयाही फी नाही, आणि भातासारख्या पिकाला 15 वर्षं, झाडांना 18 वर्षं संरक्षण मिळतं. उद्या कुणी तुमचं वाण वापरून जात काढली तर लाभातला वाटा मागायचा हक्कही आहे.

आता कागदपत्रं. फॉर्म प्राधिकरणाच्या वेबसाईटवर मिळतो, दरवर्षी जाहिरात निघते, शेवटची तारीख त्यातच बघा. सोबत आधार, सातबारा, बँक पासबुकची झेरॉक्स, पिकाचे फोटो, बियाणं दिल्याची पोच. गटाचा अर्ज असेल तर गटाचा ठराव आणि सदस्यांची यादी. मग अर्ज कुणीतरी अधिकृत माणसाकडून प्रमाणित करून घ्यायचा: ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष किंवा सचिव, जिल्हा कृषी अधिकारी, विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा आदिवासी विकास अधिकारी. काही गावांत ही समिती कागदावरच असते, तिथे ग्रामसेवकाच्या मागे लागून वेळ घालवू नका, कृषी विज्ञान केंद्रातल्या लोकांना भेटा, ते अर्ज विद्यापीठापर्यंत कसा पोचवायचा ते सांगतात. समिती चालू असेल तर मात्र लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या पिकांची, झाडांची नोंद ठेवायची वही) तुमच्या वाणाची नोंद करून घ्या आणि त्या पानाची प्रत जोडा.

फॉर्ममधला सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे वाणाचे गुण. तिथे "रोग येत नाही, चव चांगली" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. असं लिहा: अमुक वर्षी श्रावणात ढगाळ हवा होती, शेजारच्या शेतातल्या जया जातीच्या भाताच्या पानांवर करप्याचे डोळ्यासारखे ठिपके पडले, मधे राखाडी, कडेला तपकिरी, आणि बांधाच्या अलीकडच्या आमच्या मुणग्यावर तुरळकच आले. किंवा पानाच्या टोकाकडून कडेने पिवळं पडत येतं तो कडा करपा इथे किती आला, तिथे किती. दोन्ही शेतांचा फोटो एकाच दिवशी काढा. सोबत पेरणी, लावणी, कापणीच्या तारखा, उंची, कुसळ आहे की नाही, तांदळाचा रंग, बियाणं कुणाकडून आलं, कुठल्या पिढीपासून आहे, आजवर कुणाकुणाला दिलं. आईला, आजीला विचारून लिहा, बियाणं निवडायचं काम बहुतेक घरात बायकाच करतात, तर अर्जदार म्हणून त्यांचंच नाव टाका.

पुरस्कारासाठी निवड करणाऱ्या कमिटीचे लोक खात्री करायला शेतावर येऊ शकतात, म्हणून त्या वर्षी थोडं का होईना पीक उभं असू द्या, आणि घरातल्या बियाण्यावर नाव-साल लिहिलेली चिठ्ठी असू द्या. यंदाची तारीख उलटून गेली असेल तर लावणीपासून फोटो आणि नोंदी सुरू करा आणि कापणी झाली की नमुना केंद्रात देऊन पोच घ्या, पुढच्या जाहिरातीला अर्ज तयारच असेल.