ऑनलाइन चर्चासमूहांचे व्यापारीकरण

समान आवड, व्यवसाय किंवा अडचण असलेल्या लोकांनी इंटरनेटवर उभ्या केलेल्या चर्चासमूहांवर नफ्याच्या गणिताची पकड बसली, की तेथील चर्चेचा दर्जा, सभासदांमधील विश्वास आणि वर्षानुवर्षे साठलेले ज्ञान यांची झीज होऊ लागते. या प्रक्रियेला चर्चासमूहांचे व्यापारीकरण म्हणता येईल. केवळ जाहिराती दिसू लागल्याने ही झीज होत नाही. समूहात लिहिणारे, शंकांना उत्तरे देणारे आणि शिस्त राखणारे लोक बहुतांशी विनामोबदला राबतात, आणि ज्या यंत्रणेवर हे सारे घडते तिची मालकी मात्र दुसऱ्या कुणाकडे असते; या दोघांच्या हिताच्या वाटा जेथे फुटतात, तेथे ऱ्हासाला सुरुवात होते.

चर्चेचा उपयोग एका मापाने मोजला जातो आणि तिच्यापासून मिळणारे उत्पन्न दुसऱ्याच, हे यामागचे मूळ कारण होय. शंका घेऊन आलेल्या माणसाला दोन मिनिटांत नेमके उत्तर मिळाले आणि तो समाधानाने निघून गेला, तर समूहाच्या दृष्टीने ते यश असते. जाहिरातींवर जगणाऱ्या मालकाच्या हिशेबात मात्र तो फार लवकर हातचा गेलेला वाचक ठरतो. म्हणून वाचक किती वेळ थांबला, त्याने किती ठिकाणी क्लिक केले आणि किती प्रतिसाद आले, ही मापे हळूहळू उत्तराच्या अचूकपणापेक्षा मोठी होतात. संयमी आणि पूर्ण उत्तरानंतर बोलण्यासारखे फारसे उरत नाही, भांडण मात्र शेकडो प्रतिसाद ओढून आणते. फेसबुकने २०१७ पासून भावदर्शक प्रतिक्रियांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले होते आणि त्यांत रागाची प्रतिक्रियाही होती. अशा मजकुरात खोटी व विखारी माहिती अधिक असते, हे कंपनीच्याच अभ्यासकांनी दाखवून दिले आणि २०२० मध्ये रागाचे वजन शून्यावर आणले गेले. हा तपशील २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांमुळे जगाला कळला. ट्विटरने २०२३ च्या जुलैपासून, प्रतिसादांमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा लिहिणाऱ्यांना देण्यास प्रारंभ केला. चिथावणीखोर विधान करून प्रतिसाद गोळा करणे हा त्यामुळे उघड कमाईचा मार्ग झाला.

आरंभीच्या काळात नफ्याचा हा रेटा बाहेरून येत असे. १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात कल्पिलेल्या यूजनेट या विषयवार चर्चागटांच्या जाळ्यावर १९९४ च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनातील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात हजारो गटांत एकाच वेळी टाकली, तेव्हा जगभरच्या सभासदांनी तिचा कडाडून निषेध केला. पुढे व्यासपीठे कंपन्यांच्या हाती गेली आणि तोच रेटा मालकाकडून येऊ लागला. त्याविरुद्ध निषेधाचे बळ फारसे चालत नाही. लेखक कोरी डॉक्टरो यांनी २०२२ मध्ये या क्रमाला ‘एन्शिटिफिकेशन’ असे नाव दिले. व्यासपीठ आधी वापरकर्त्यांना खूश ठेवते, ते अडकल्यावर त्यांच्या जिवावर जाहिरातदारांना खूश करते आणि शेवटी दोघांनाही पिळून सारे मूल्य स्वतःकडे ओढते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

फुकट राबणाऱ्या माणसांचा प्रश्न यात सर्वांत नाजूक आहे. अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या चर्चाकक्षांची देखरेख हजारो स्वयंसेवक करीत; ही प्रत्यक्षात नोकरीच आहे असे म्हणत त्यांच्यापैकी काहींनी १९९९ मध्ये दावा लावला आणि २०१० मध्ये तो दीड कोटी डॉलरवर मिटला. विषयवार उपसमूहांत विभागलेल्या रेडिट या चर्चास्थळावरील नियंत्रक, म्हणजे मॉडरेटर, असेच विनावेतन काम करतात. २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲप्सनी रेडिटवरील मजकूर मागवण्यासाठी केलेल्या दर हजार विनंत्यांमागे २४ सेंट आकार जाहीर केला. ‘अपोलो’ या लोकप्रिय ॲपच्या निर्मात्याने आपला वर्षाचा खर्च सुमारे दोन कोटी डॉलर होईल असे सांगून ते बंद केले. या दराच्या निषेधार्थ १२ जूनपासून आठ हजारांहून अधिक उपसमूह कुलूपबंद झाले होते. कंपनीने दर मागे घेतले नाहीत. उलट, समूह बंद ठेवणाऱ्या नियंत्रकांना हटवण्याचे इशारे दिले. ज्यांनी अनेक वर्षे रोज कचरा काढला, त्यांना तेथे आपली जागा काय आहे हे अशा प्रसंगी कळते आणि त्यांतील उत्तम माणसे पुन्हा त्याच जीवाने काम करीत नाहीत. ही हानी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

साठलेला मजकूर हाच विक्रीचा माल होणे, ही अलीकडची पायरी आहे. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचे व्यासपीठ असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने २०२४ च्या मे महिन्यात ‘चॅटजीपीटी’ बनवणाऱ्या ओपनएआयशी हा मजकूर वापरू देण्याचा करार केला, तेव्हा काही सभासदांनी स्वतःची उत्तरे पुसण्याचा प्रयत्न केला. ती पूर्ववत करण्यात आली आणि काहींची खाती तात्पुरती गोठवली गेली. याउलट, ज्या मजकुरातून उत्पन्न निघत नाही तो नष्ट होऊ दिला जातो. याहू ग्रुप्समधील जुना पत्रव्यवहार २०१९ च्या अखेरीपासून काढून टाकला गेला आणि पुढच्या वर्षी ती सेवाच संपली.

पैसा लागतच नाही, असे अर्थातच नाही. सर्व्हर, देखरेख आणि कायदेशीर जबाबदाऱ्या यांचा खर्च खराखुरा असतो. १९९९ पासून चालणाऱ्या मेटाफिल्टर या चर्चासमूहाने नव्या सभासदांकडून पाच डॉलर एकदाच घेऊन गर्दी मर्यादित राखली, तरी त्याचे बरेच उत्पन्न गूगलवरून येणाऱ्या वाचकांवर आणि जाहिरातींवर अवलंबून होते. शोधक्रमात ते घसरल्यावर २०१४ मध्ये त्याला कर्मचारी कमी करावे लागले आणि सभासदांच्या वर्गणीचा आधार घ्यावा लागला.

समूहाला मालकाच्या पकडीतून बाहेर पडता येईल की नाही, हे बहुधा मजकुराच्या परवान्यावर, म्हणजे तो इतरत्र नेऊन वापरण्याची मुभा आहे की नाही यावर, ठरते. पुढेमागे जाहिराती येतील या शंकेनेच स्पॅनिश विकिपीडियाचे अनेक संपादक २००२ मध्ये वेगळे झाले आणि त्यांनी स्वतंत्र ज्ञानकोश काढला. विकिट्रॅव्हल हे प्रवासमार्गदर्शक २००६ मध्ये एका कंपनीने विकत घेतले, तेव्हा जर्मन लेखकांनी मुक्त परवान्याखालील मजकूर उचलून विकिव्हॉयेज सुरू केले. इंग्रजी लेखकही नंतर तिकडे गेले आणि जानेवारी २०१३ मध्ये तो विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेचा अधिकृत प्रकल्प झाला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘द वेल’ या समूहाची वाट निराळी होती. त्याची मालकी दोनदा बदलल्यानंतर, २०१२ मध्ये काही जुन्या सभासदांनी एकत्र येऊन चार लाख डॉलरना तो स्वतःच विकत घेतला आणि सभासदांच्या वर्गणीवर चालू ठेवला.