रिकामा सायकल ट्रॅक नेमकं काय सांगतो?

‘सायकल ट्रॅक बांधले तरी ओसच पडतात, लोकांना सायकल नकोच आहे,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. अशा एखाद्या ट्रॅकवरून शेवटपर्यंत जाऊन बघा. पाचशे मीटर छान, मग चौक येतो आणि रंगवलेली पट्टी थेट बसच्या चाकांपुढे संपते. तिथून पुढे कोणती आई मुलाला सायकलवर पाठवेल? फूटपाथचंही तेच.

स्पेनमधल्या सेव्हिलने २००६च्या सुमारास सुटे तुकडे न बांधता, वाहनांपासून वेगळं असं सुमारे ८० किलोमीटरचं सलग जाळंच झपाट्याने उभारलं. काही वर्षांतच सायकलफेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. माणसं तीच होती, आणि उन्हाळा तर भाजून काढणारा. फक्त रस्ता मध्येच तुटेनासा झाला.