मिडवेस्टचा शेतकरी : जगणे आणि मरण

अमेरिकेच्या मध्यभागी ओहायोपासून कॅन्सस-नेब्रास्कापर्यंत पसरलेल्या बारा राज्यांच्या पट्ट्याला मिडवेस्ट म्हणतात. आयोवा आणि इलिनॉय ही त्यातली मका-सोयाबीनची मोठी राज्ये. इथला शेतकरी गावठाणात राहत नाही, रानातच घर बांधून राहतो. शेजाऱ्याचे घर अर्धा मैल लांब, कधी त्याहूनही दूर. त्याच्या जगण्याची आणि मरणाची नोंद एकत्रच करावी लागते, कारण ज्या जमिनीवर आणि दाण्यांवर त्याचे पोट चालते, त्यांच्याच पायी त्याचा जीव गेल्याची उदाहरणे जागोजागी सापडतात.

जमीन. विमानातून हा प्रदेश चौकटीच्या कापडासारखा दिसतो. १७८५च्या कायद्याने जमिनीची मोजणी चौरस मैलात झाली. एक चौरस मैल म्हणजे ६४० एकरांचा ‘सेक्शन’, त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. १८६२च्या होमस्टेड कायद्याने हाच १६० एकरांचा तुकडा, पाच वर्षे राहून कसण्याच्या अटीवर, जवळजवळ फुकट मिळू लागला. नेब्रास्का आणि डकोटांत हजारो कुटुंबे अशी वसली. पण ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. मूळ रहिवाशांना हुसकावून ती मोकळी करण्यात आली होती, आणि ‘फुकट’ हा शब्द वापरताना हे विसरता कामा नये. मेस्क्वाकी लोकांना तर आयोवातली आपलीच जमीन १८५७ साली पैसे मोजून परत विकत घ्यावी लागली. सुरुवात होती ८० एकरांची.

वर्ष. एप्रिल-मे महिन्यांत पेरणी, सप्टेंबर ते नोव्हेंबर काढणी. एका वर्षी मका, पुढच्या वर्षी त्याच रानात सोयाबीन. हिवाळ्यात यंत्रांची दुरुस्ती आणि बँकेपुढे मांडायचे हिशोब. दुभती जनावरे असतील तर सणवार असो की बर्फ पडो, दिवसातून दोनदा धार काढणे चुकत नाही. पुष्कळ घरांत नवरा किंवा बायको जवळच्या शहरात नोकरी करते, ती पगाराइतकीच आरोग्य विम्यासाठी. भाव ठरतो शिकागोच्या वायदेबाजारात. लातूरचा सोयाबीन व्यापारीही त्याच बाजारावर नजर ठेवून असतो.

एकरी मका १९३०च्या सुमारास २५ बुशेलच्या आसपास होता, आज सरासरी १७०च्या पुढे आहे (मक्याचे एक बुशेल म्हणजे सुमारे २५ किलो). संकरित बियाणे, खते आणि यंत्रे यांनी ही वाढ घडवली आणि त्याच यंत्रांनी माणसे कमी केली. देशात १९३५ साली ६८ लाख शेते होती, २०२२च्या कृषी गणनेत १९ लाख उरली. शेती करणाऱ्याचे सरासरी वय ५८ वर्षे आहे. पोरे शिकून शहरात गेली की परत येत नाहीत.

कर्ज. १९७०च्या दशकात सोव्हिएत रशियाने धान्याची प्रचंड खरेदी केली आणि भाव चढले. कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा, असा सल्ला दिला. बँका दारात येऊन कर्ज देत होत्या, तारण होती रोज महाग होणारी जमीन. मग १९७९पासून महागाई रोखण्यासाठी व्याजदर चढवण्यात आले आणि १९८० संपताना बँकांचा मूळ व्याजदर २१ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी जानेवारीत रशियाला धान्य विकण्यावर बंदी आली होती. आयोवात १९८१ साली एकराला सरासरी २,१४७ डॉलर मिळत, १९८६ साली ७८७. कर्ज होते तेवढेच राहिले, तारण मात्र तिसऱ्या हिश्श्यावर आले. ज्यांनी उधळपट्टी केली तेच बुडाले असे म्हणणे अन्यायाचे आहे; मुलासाठी शेजारचे ८० एकर घेणारा बापही त्यात बुडाला.

जप्तीच्या लिलावाच्या दिवशी न्यायालयापुढच्या हिरवळीवर लोक पांढरे क्रूस रोवत, बुडालेल्या एकेका शेतासाठी एक. काहींनी स्वतःला संपवले. ९ डिसेंबर १९८५ रोजी आयोवातील हिल्स या छोट्या गावाच्या परिसरात कर्जात रुतलेल्या एका शेतकऱ्याने पत्नी, बँकेचा प्रमुख आणि एक शेजारी यांना गोळ्या घातल्या आणि शेवटी स्वतःला. शेतकऱ्यांसाठी दूरध्वनीवरचे मदतकेंद्र आयोवात त्याच वर्षी सुरू झाले, आणि शेतकऱ्यांच्या दिवाळखोरीसाठी स्वतंत्र कायदा १९८६ साली आला. बहुतेकांसाठी फार उशिरा.

कोठी. धान्य साठवायची पत्र्याची गोल, उंच कोठी जागोजागी शेतघराजवळ दिसते. पावसाळी वर्षी मका पुरता वाळत नाही, आत त्याचे गठ्ठे धरतात आणि खालचे तोंड तुंबते. मग माणूस लांब दांडा घेऊन वरच्या झाकणातून आत उतरतो. धान्य बाहेर ओढणारा खालचा स्क्रू चालू राहिला, तर गठ्ठा फुटताच दाणे पाण्यासारखे मध्याकडे ओघळतात. गुडघ्यापर्यंत रुतला की स्वतःहून निघणे जवळजवळ अशक्य, आणि पूर्ण बुडायला काही सेकंद पुरतात. छातीभोवती दाणे आवळत जातात, प्रत्येक उच्छ्वासागणिक आणखी. दोराने ओढून उपयोग होत नाही. माणसाभोवती पत्र्याच्या पट्ट्यांचे नळकांडे रोवून आतले धान्य उपसावे लागते. अनेकदा वाचवायला उतरलेला भाऊ किंवा मुलगाही आतच राहतो. इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठ या अपघातांची वर्षानुवर्षे नोंद ठेवते. दहा किंवा त्याहून कमी कामगार असलेल्या शेतांवर केंद्राचे सुरक्षा निरीक्षक कारवाई करत नाहीत, आणि ही सूट चुकीची आहे.

ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू याहून जास्त. संरक्षक सांगाडा असला आणि पट्टा बांधलेला असला तर माणूस सहसा वाचतो, पण जुने, सांगाड्याविना ट्रॅक्टर अजून कामावर आहेत.

मागे राहते ते. काढणीच्या तोंडावर शेतकरी गेला, तर शेजारी आपापली काढणी थांबवून त्याच्या रानात हार्वेस्टर घेऊन येतात. कोणी ट्रक आणतो, कोणी डिझेल, चर्चच्या तळघरात बायाबापड्या जेवण रांधतात. दहा-बारा यंत्रे ओळीने चालली की महिन्याचे काम दिवसात उरकते. पैशाची गोष्ट कोणी काढत नाही.

वारस शेती करणार नसेल तर लिलाव होतो. गवत वाहायच्या गाड्यांवर आधी किरकोळ सामान मांडतात: पान्यांचे डबे, साखळ्या, गंजलेल्या खिळ्यांची बरणी, त्याने स्वतः जोडलेला एखादा हत्यारांचा दांडा. लिलाव पुकारणारा गाडीवर चढून तिथूनच सुरुवात करतो. हार्वेस्टर आणि ट्रॅक्टर शेवटी. शंभर वर्षे एकाच कुटुंबाकडे राहिलेल्या शेताला आयोवा राज्य १९७६पासून ‘सेंच्युरी फार्म’ म्हणून गौरवते. ती पाटी फाटकावरून काढून मुलगी सोबत घेऊन जाते. जमीन बहुधा शेजारी खंडाने घेतो आणि पुढच्या मे महिन्यात त्यात मका उगवलेला असतो.