कुंडलिकेची दरी : वळवलेलं पाणी आणि पावसाळी बंदी

ताम्हिणी घाटातून खाली दिसणारी कुंडलिकेची दरी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकात पावसाने कोरलेली आहे. पर्यटनाच्या नकाशावर मात्र ती आली ती शंभर वर्षांपूर्वी झालेल्या एका वीज प्रकल्पामुळे. मुळा नदी खरी पूर्वेकडे वाहणारी. मुळशीला धरण बांधून तिचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला कुंडलिकेच्या काठच्या भिऱ्याला उतरवलं आणि १९२७ साली तिथलं वीजघर सुरू झालं. त्यासाठी मावळातली ५२ गावं उठली. १९२१ सालचा मुळशी सत्याग्रह त्याविरुद्धच होता. तो हरला, आणि कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी मिळू लागलं.

कोलाडचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. भिऱ्यात वीज तयार झाली की पाणी खाली सुटतं. सकाळी रावळजेजवळ कोरडे दिसणारे दगड बघता बघता बुडतात, काठावर थांबलेले राफ्ट पाण्यात लोटले जातात आणि दुपारी तेच दगड पुन्हा वर येतात. साधारण १२ ते १४ किलोमीटरचा हा प्रवास आहे. पावसाळा संपला की कोकणातल्या बाकीच्या नद्या रोडावतात, पण इथे मे महिन्यातही लाटा मिळतात. या शतकाच्या पहिल्या दशकात हा धंदा रुजला. तंबू, होम स्टे, दोरीवरून नदी ओलांडणं हे सगळं त्यामागून आलं.

वाद आहे तो भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याचा. भिऱ्यापासून जंगलातून चालत जावं लागतं, वाटेत ओढे ओलांडावे लागतात. डोंगरावर पाऊस कोसळला की सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा परतीच्या वेळी छातीला लागतो आणि माणसं पलीकडे अडकतात. कुंडाचा डोहही खोल आहे, त्यात बुडून जीव गेले आहेत. म्हणून पावसाळ्यात जमावबंदीच्या कलमाखाली इथे प्रवेशबंदी लागत आली. २०२४ च्या ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एक कुटुंब वाहून गेलं. त्याच जुलैत माणगाव तालुक्यातल्या कुंभ्याला चित्रीकरण करणारी एक तरुणी दरीत कोसळली. त्यानंतर अशा आदेशांची धार वाढली. जुन्या १४४ कलमाच्या जागी आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ कलम आहे, एवढाच काय तो बदल.

जीव वाचलेच पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण सरसकट बंदीने नुकसान होतं ते भिरा-पाटणूसच्या वाटाड्यांचं आणि घरगुती खानावळींचं. वर्षाची मुख्य कमाई याच चार महिन्यांतली. बंदी असली तरी चोरवाटेने लोक जातातच, फक्त वाटाड्या न घेता. आणि कोणी अडकलं की दोर घेऊन धावतात ती हीच गावातली पोरं. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम आले. नोंदणीकृत वाटाड्या, दिवसाला ठरावीक माणसं आणि पावसाचा इशारा आला की वाट बंद, हा मार्ग देवकुंडाला का लागू होऊ नये, याचं उत्तर गावकऱ्यांना मिळालेलं नाही. दरवर्षी आदेश निघतो, दरवर्षी फलक लागतो.

दरम्यान, मुळशीचं पाणी पुन्हा पूर्वेला, पुण्याला आणि भीमा खोऱ्याला द्यावं, ही मागणी गेल्या काही वर्षांत जोर धरते आहे. तहानलेल्या शहराची गरज खोटी नाही. पण भिऱ्याचं पाणी कमी झालं तर राफ्टिंग तर जाईलच, कुंडलिकेवरच्या डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यांवरची उन्हाळी भातशेती आणि रोह्याकडच्या कारखान्यांचा पुरवठाही आटेल. या चर्चेत खालच्या गावांना अजून कोणी बोलावलेलं नाही.